एक्स उलटा की वाय? डिफ्युजन एमआरआयमध्ये ग्रेडियंटच्या दिशा देताना

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे हीच अडचण असलेल्या इतरांनाही धागा लागेल.

तुम्ही रेडिओलॉजीचे निवासी डॉक्टर आहात. प्रबंधासाठी नाशिकमध्येच २२ रुग्णांचा डिफ्युजन डेटा, म्हणजे मेंदूत पाणी कुठल्या दिशेने किती सरकतं याची चित्रं, घेतलाय: बी (ग्रेडियंटचा, म्हणजे दिशा देणाऱ्या चुंबकीय उताराचा, जोर) १०००, ३२ दिशा, दोन बी-शून्य (ग्रेडियंटशिवायची चित्रं). डायकॉमची (स्कॅनरच्या फाइलींची) नीफ्टी (संशोधनात वापरतात तो चित्राचा प्रकार) केल्यावर सोबत बीव्हॅल (बीचे आकडे) आणि बीव्हेक (दिशांचे आकडे) अशा दोन फाइली आल्या. तंतूंचे मार्ग काढणाऱ्या एमआरट्रिक्स या सॉफ्टवेअरला चार रकान्यांचा तक्ता लागतो म्हणून बीव्हेक एक्सेलमध्ये उघडून आडव्या ओळी उभ्या केल्या, चौथ्या रकान्यात बी भरला आणि तो तक्ता दिला. एफए (पाणी किती एकाच दिशेने सरकतं त्याचा आकडा) सुंदर आला. रंगीत नकाशाही बरोबर दिसतो. पण कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या पट्ट्याच्या) पुढच्या टोकाचे, म्हणजे जेनूचे, तंतू फ्रॉन्टल लोबमध्ये शिरले की तुटतात. कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट (हालचालीच्या तंतूंचा जुडगा) वर जाताना भरकटतो. सिंग्युलम मात्र ‘बऱ्यापैकी’ येतो. एकाने सांगितलं वाय उलटा करा, दुसऱ्याने सांगितलं एक्स उलटा करा. कोणाचं ऐकायचं, आणि टाइप करून झालेले एफएचे आकडे टिकणार का?

एक्स म्हणणारा बरोबर आहे. पण कृपा करून एक्स उलटा करून मोकळे होऊ नका. तसं केलं तर चित्र जवळजवळ बरोबर दिसेल आणि उरलेली चूक पुन्हा कुणाच्या लक्षात येणार नाही. गेली पंधरा वर्षं मी हेच काम करतेय आणि सगळ्यात जास्त त्रास मला अशा ‘जवळजवळ बरोबर’ चित्रांनी दिलाय. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मूळ गोष्ट चौकटीची आहे. अशोक स्तंभावरून गंगापूर रोडने निघालात की गोदावरी उजव्या हाताला राहते. सोमेश्वरहून शहराकडे परत येताना तीच गोदावरी डाव्या हाताला. नदी जागची हललेली नाही, ‘उजवा हात’ कुणाचा आणि तोंड कुठे, एवढंच बदललं. बीव्हेकमधले तीन आकडे हे अगदी असंच ‘उजव्या हाताला’ म्हणणं आहे. ०.७०, ०.७०, ० एवढं लिहून दिशा सांगून होत नाही. पहिला ०.७० कशाच्या बाजूने मोजलाय? रुग्णाच्या उजवीकडे, डावीकडे, की चित्राच्या पहिल्या अक्षावर? स्कॅनच्या स्लाइस तिरक्या असतील तर तिसरा आकडा रुग्णाच्या डोक्याकडे की स्लाइसला लंब? हे आकड्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. फाइल कोणत्या प्रोग्रॅमने बनवली आणि कोणता प्रोग्रॅम ती वाचणार, यावरून ते समजून घ्यावं लागतं.

नित्याच्या वापरात मला चार चौकटी भेटतात. डायकॉम प्रमाणामध्ये दिशा रुग्णाच्या हिशेबाने असते: एक्स रुग्णाच्या डावीकडे, वाय पाठीकडे, झेड डोक्याकडे. नीफ्टीच्या जगात एक्स उजवीकडे, वाय पुढे, झेड वर. एमआरट्रिक्सच्या चार रकान्यांच्या तक्त्याला हीच दुसरी चौकट अभिप्रेत आहे आणि तीही स्कॅनरच्या खऱ्या अक्षांवर, चित्र कितीही तिरकं घेतलेलं असो. जीई (स्कॅनर बनवणारी कंपनी) आपल्या खासगी टॅगमध्ये, म्हणजे डायकॉममधल्या स्वतःच्या नोंदीत, दिशा लिहितं ती फ्रिक्वेन्सी, फेज आणि स्लाइस या चित्र घेण्याच्या अक्षांवर, त्यामुळे फेजची दिशा बदलली की आकड्यांचा अर्थही बदलतो. चौथी एफएसएल या मेंदूच्या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरची, आणि तुमचा घोटाळा हिच्यापाशीच आहे.

एफएसएलचं बीव्हेक चित्राच्या अक्षांवर असतं, स्कॅनरच्या नाही. शिवाय त्याला एक पोटनियम आहे. नीफ्टीच्या हेडरमधल्या (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतल्या) मॅट्रिक्सचा डिटरमिनंट धन असेल तर एक्सचं चिन्ह उलटं धरायचं. म्हणजे चित्र डावीकडून उजवीकडे साठवलेलं असो की उजवीकडून डावीकडे, एफएसएल ते रेडिओलॉजीच्या पद्धतीने साठवल्यासारखंच समजतं. हा नियम विचित्र वाटतो हे मान्य आहे, पण तो लेखी आहे आणि डायकॉमची नीफ्टी करणारी डीसीएम-टू-निक्ससारखी साधनं तो इमानाने पाळतात. परिणाम असा की साध्या ॲक्सियल (आडव्या छेदांच्या) स्कॅनमध्ये बीव्हेकचा धन एक्स रुग्णाच्या डावीकडे असतो आणि एमआरट्रिक्सच्या तक्त्यातला धन एक्स उजवीकडे.

आता तुम्ही काय केलंत ते बघा. एक्सेलमध्ये आडव्याचं उभं केलंत. त्याने फाइलचा आकार बदलला, चौकट तीच राहिली. एफएसएलच्या चौकटीतले आकडे एमआरट्रिक्सला त्याचे स्वतःचे म्हणून दिले गेले. एक्स उलटा झाला तो इथे.

हे केवळ तुम्ही एक्सेलचं सांगितलंत म्हणून म्हणत नाही. तुमच्या लक्षणांतूनही हेच निघतं, आणि ही युक्ती प्रत्येकाला यायला हवी. एक्स उलटा असेल तर ज्या प्रतलांत एक्स आहे तिथले तिरके तंतू बिघडतात. ॲक्सियलमध्ये एक्स आणि वाय असतात, तिथे जेनू बिघडला. करोनलमध्ये (समोरून दिसणाऱ्या उभ्या छेदात) एक्स आणि झेड, तिथे कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्टचा वर पसरणारा पंखा बिघडला. सॅजिटलमध्ये (बाजूने दिसणाऱ्या उभ्या छेदात) वाय आणि झेड, एक्स नाहीच, म्हणून कॅलोसमला वळसा घालून जाणारा सिंग्युलम वाचला. वाय उलटा असता तर जेनू आणि सिंग्युलम बिघडून करोनल ठीक दिसलं असतं. झेड उलटा असता तर ॲक्सियलमधला जेनू देखणा आला असता आणि बाकी दोन्ही बिघडले असते. डायकॉमचे आकडे जसेच्या तसे नीफ्टीच्या चौकटीत टाकले तर हे शेवटचं घडतं. तिथे एक्स आणि वाय दोन्ही उलटतात आणि ते एकटा झेड उलटा केल्यासारखंच असतं. कारण डिफ्युजनला पुढे-मागे कळत नाही: १, ०, ० आणि उणे १, ०, ० हे एकच मोजमाप. पाणी तंतूच्या दोन्ही बाजूंना सारखंच सरकतं. म्हणून चिन्हांच्या आठ शक्यता नसून चारच उरतात: सगळं बरोबर, किंवा एक्स, वाय, झेड यांपैकी एक उलटा.

मग एफए आणि रंगीत नकाशा बरोबर कसे आले? इथेच जवळजवळ सगळे फसतात. बासर, मॅटिएलो आणि ले बिहान यांनी १९९४ मध्ये डिफ्युजन टेन्सर मांडला. प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या एका बारीक ठोकळ्यात) एक लंबगोल बसवायचा, त्याच्या तीन अक्षांच्या लांब्या म्हणजे आयगेनव्हॅल्यू. एफए आणि एमडी (सरासरी डिफ्युजन) फक्त या लांब्यांवरून निघतात. सगळ्या दिशा एकत्रच आरशात उलटवल्या किंवा एकत्रच फिरवल्या तर लंबगोलही तसाच उलटतो किंवा फिरतो, त्याच्या लांब्या त्याच राहतात. त्यामुळे एफएचा नकाशा कितीही रेखीव असला तरी दिशांबद्दल तो काहीही सांगत नाही. रंगीत नकाशा थोडं सांगतो: डावं-उजवं लाल, पुढे-मागे हिरवं, वर-खाली निळं. एक्स आणि वायची अदलाबदल झाली असेल तर लाल दिसायला हवं ते कॅलोसम हिरवं येईल आणि तुम्ही लगेच थांबाल. पण रंग काढताना चिन्ह टाकून दिलेलं असतं. म्हणून उलटा एक्स त्याला दिसतच नाही.

दिंडोरी रोडला द्राक्षबागा बघितल्या असतीलच. एखाद्या बागेचा नकाशा कुणी डावा-उजवा उलटा छापला आणि ओळी नेमक्या उत्तर-दक्षिण किंवा नेमक्या पूर्व-पश्चिम असतील, तर नकाशा उलटा आहे हे ओळींकडे बघून कळणार नाही. ईशान्येला जाणाऱ्या तिरक्या ओळी असल्या तर लगेच कळेल, त्या वायव्येला गेलेल्या दिसतील. मेंदूतही तेच. कॅलोसमचा मधला भाग सरळ डावा-उजवा जातो, तिथे उलटा एक्स लपून राहतो. मध्यरेषेशी ३० अंशांनी तिरका गेलेला तंतू ६० अंशांनी चुकतो आणि ४५ अंशांवरचा तंतू तर काटकोनात उभा राहतो. ट्रॅक्टोग्राफीत, म्हणजे तंतूंचे मार्ग काढताना, वळणाची मर्यादा साधारण ४५ अंश ठेवलेली असते, त्यामुळे असे तंतू तिथेच तुटतात. तुमच्या जेनूचं हेच झालंय. फ्रॉन्टल लोबमध्ये शिरतानाच तो सगळ्यात जास्त तिरका असतो.

म्हणून माझा पहिला नियम: रंग बघून समाधान मानायचं नाही, रेषा बघायच्या. मुख्य आयगेनव्हेक्टरच्या (लंबगोलाच्या सगळ्यात लांब अक्षाच्या दिशेच्या) बारीक रेषा एफएवर टाका. ॲक्सियलमध्ये जेनूवर झूम करा आणि मध्यरेषेतून उजव्या फ्रॉन्टल लोबकडे एकेक व्हॉक्सेल पुढे सरका. रेषा पांढऱ्या कमानीच्या अंगाने वळत जायला हव्यात, नदीचं पाणी पात्राच्या वळणाने जातं तसं. कमानीला आडव्या, माशाच्या काट्यासारख्या दिसल्या तर चिन्ह चुकलंय. मग हेच करोनलमध्ये इंटर्नल कॅप्सूलच्या वरच्या पंख्यावर आणि सॅजिटलमध्ये सिंग्युलमवर. तिन्ही प्रतलं बघितल्याशिवाय मी पुढचं काम सुरूच करत नाही. सगळं मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत.

सॉफ्टवेअरवरही विश्वास ठेवायचा नसेल तर कच्च्या चित्रांवर जा. मला स्वतःला ही तपासणी फार आवडते, कारण यात काहीच गणित मधे येत नाही. बीव्हेकमध्ये असे दोन व्हॉल्युम (एकेका दिशेचं अख्खं चित्र) शोधा ज्यांत झेड जवळपास शून्य आहे, एकात एक्स आणि वायची चिन्हं सारखी आहेत आणि दुसऱ्यात विरुद्ध. ३२ दिशांत साधारण अशी जोडी सापडतेच. दोन्ही व्हॉल्युम शेजारी शेजारी उघडा आणि उजव्या जेनूचा तिरका पट्टा बघा. तिथले तंतू उजवीकडे आणि पुढे जातात. ग्रेडियंट त्यांच्या दिशेने असेल तर पाणी भरपूर सरकतं आणि सिग्नल पडतो. पांढऱ्या द्रव्यात तंतूच्या बाजूने डिफ्युजन साधारण दर सेकंदाला ०.००१७ चौरस मिलिमीटर आणि आडवं साधारण ०.०००३ धरलं, तर बी १००० ला सिग्नल पहिल्या बाबतीत १८ टक्के उरतो आणि दुसऱ्या बाबतीत ७४ टक्के. प्रत्यक्षात फरक इतका स्वच्छ नसतो, पण डोळ्यांना स्पष्ट दिसतो. उजवा जेनू ज्या व्हॉल्युममध्ये काळा पडलाय त्याची खरी दिशा उजवी-पुढची. एमआरट्रिक्सच्या तक्त्यात त्या ओळीत एक्स आणि वायची चिन्हं सारखी हवीत. तुमच्या हाताने केलेल्या तक्त्यात ती विरुद्ध असतील, बघा.

यात एकच अट आहे: पडद्यावर उजवं कोणतं हे नक्की माहीत हवं. रेडिओलॉजीच्या सवयीने उजवी बाजू डावीकडे दिसते आणि बरीच संशोधनाची सॉफ्टवेअर उलट दाखवतात. नवा प्रोटोकॉल लावताना मी टेक्निशियनला एका स्वयंसेवकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ईची कॅप्सूल चिकटवायला सांगते. ती टी-वन प्रकारच्या एमआरआय चित्रात पांढरी चमकते आणि शंकेला जागा उरत नाही.

आता त्या ‘जवळजवळ बरोबर’ कडे येते. तुमचा सिंग्युलम ‘बऱ्यापैकी’ येतो, हा शब्द मला खटकला. तुमच्या स्कॅनच्या स्लाइस बहुधा सरळ ॲक्सियल नाहीत, एसी-पीसी रेषेला (मेंदूच्या मध्यातले दोन ठरलेले बिंदू जोडणाऱ्या रेषेला) धरून तिरक्या घेतलेल्या असणार. रोजच्या कामात टेक्निशियन तशाच घेतात आणि त्यात वावगं काही नाही. डायकॉममधला इमेज ओरिएंटेशन पेशंट हा टॅग उघडा. त्यात सहा आकडे असतात. १, ०, ०, ०, १, ० असेल तर स्लाइस सरळ. पाचवा आकडा ०.९५ आणि सहावा धन किंवा ऋण ०.३१ असा काही असेल तर स्लाइस सुमारे १८ अंशांनी तिरक्या आहेत. अशा वेळी बीव्हेकमधला ०, ०, १ हा स्लाइसला लंब असतो. रुग्णाच्या सरळ डोक्याकडे तो नसतो. स्कॅनरच्या चौकटीत त्याच दिशेत झेड ०.९५ आणि वाय ०.३१ होतो, वायचं चिन्ह तिरकेपणा कुठल्या बाजूला आहे त्यावर. तुम्ही नुसता एक्स उलटा केलात तर जेनू जुळेल, पंखा जुळेल, सगळे खूश होतील, आणि प्रत्येक रेषा वाय-झेड प्रतलात १८ अंशांनी कललेली राहील. ट्रॅक्ट निघतील. तुटणारही नाहीत. फक्त ते जिथे आहेत तिथून हळूहळू सरकत जातील. तुटलेला ट्रॅक्ट निदान ओरडून सांगतो, सरकलेला काहीच सांगत नाही.

यासाठी उपाय चिन्ह बदलण्याचा नाही, तक्ता कोणत्या चौकटीत आहे हे प्रोग्रॅमला सांगण्याचा आहे. एक्सेलची फाइल बाजूला ठेवा. मूळ बीव्हेक आणि बीव्हॅल, अजिबात हात न लावलेल्या, घ्या. एमआरट्रिक्सच्या एमआर-कन्व्हर्टला एफएसएल-ग्रॅड हा पर्याय देऊन दोन्ही फाइली त्याच क्रमाने द्या, आधी बीव्हेक, मग बीव्हॅल. तो हेडर वाचतो, डिटरमिनंटचा नियम लावतो, तिरकेपणा फिरवतो आणि तक्ता एमआयएफ फाइलच्या हेडरमध्येच ठेवतो. पुढे चित्र आणि तक्ता वेगळे पडत नाहीत. मग एमआर-इन्फोला डीडब्ल्यू-ग्रॅड सांगून तक्ता छापून घ्या आणि तुमच्या एक्सेलच्या तक्त्याशेजारी ठेवा. एक्सची चिन्हं उलटलेली दिसतील, आणि वाय-झेडचे आकडेही थोडे बदललेले दिसतील. तो बदल म्हणजे तुमच्या स्लाइसचा कल.

त्यानंतर एमआरट्रिक्सचंच डीडब्ल्यू-ग्रॅड-चेक चालवा. चिन्हांच्या चार शक्यता, अक्षांच्या अदलाबदलीच्या सहा आणि चौकटीच्या दोन, अशा ४८ प्रकारांनी तो थोडी थोडी ट्रॅक्टोग्राफी करून बघतो आणि सरासरी ट्रॅक्ट सगळ्यात लांब कशात येतात ते सांगतो. दिशा बरोबर असल्या की तंतू एकमेकांना जुळत जातात आणि लांब होतात, हे त्यामागचं साधं तत्त्व. त्याने सगळ्यात वर काहीही न बदललेला तक्ता दाखवला तर उत्तम. दुसरं काही दाखवलं तर त्याचा तक्ता आंधळेपणाने उचलू नका, कुठे चुकलं ते शोधा. मोठी गाठ असलेल्या, डोकं फार हललेल्या किंवा अर्धवट स्कॅन झालेल्या रुग्णात तो चुकू शकतो, आणि ४८ प्रकारांच्या अधल्यामधल्या कोनाची चूक तर त्याच्या कक्षेतच नाही.

बाकी सॉफ्टवेअरबद्दल पटकन. डायपाय तक्ता जसा दिला तसा घेतं, एफएसएलचा एक्सचा पोटनियम तुम्हालाच सांभाळावा लागतो. एनआरआरडी फाइलच्या हेडरमध्ये मेझरमेंट फ्रेम अशी स्वतंत्र ओळ असते, चौकट फाइलमध्येच लिहून ठेवायची ही पद्धत मला मनापासून पटते. आणि एफएसएल-स्वॅपडिम (चित्राचे अक्ष बदलणारी आज्ञा) वापरून चित्र फिरवलंत तर बीव्हेक आपोआप फिरत नाही. आधी चित्र सरळ करू मग बाकीचं बघू, या सवयीने अनेकांचे तक्ते बिघडलेत. डिफ्युजनचं मूळ चित्र जसं आलं तसंच राहू द्या.

माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते, कारण तुमचे रुग्णही उद्या ऑपरेशनला जाणारे असतील. काही वर्षांपूर्वी मोटर भागाजवळ (हालचाली चालवणाऱ्या भागाजवळ) ग्लायोमा, म्हणजे मेंदूतली गाठ, असलेल्या एका रुग्णाचा कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट काढायला डेटा आला होता. सीडीवर डायकॉम होते, पण रुग्णाची ओळख पुसताना खासगी टॅगही पुसले गेले होते आणि दिशा त्यांच्याबरोबरच गेल्या होत्या. प्रोटोकॉल तोच आहे असं समजून मी आधीच्या एका रुग्णाचा तक्ता लावला. गाठीच्या बाजूचा ट्रॅक्ट गाठीपाशी येऊन थांबला. सर्जननी विचारलं, ‘गाठीने ट्रॅक्ट खाल्लाय का?’ हो म्हणणं अगदी सोपं होतं, चित्रात तसंच दिसत होतं. तेवढ्यात माझं लक्ष दुसऱ्या, निरोगी बाजूकडे गेलं. तिथेही ट्रॅक्ट त्याच उंचीवर वाकडा झाला होता, आणि तिथे तर गाठ नव्हती. आम्ही ते चित्र तिथेच रद्द केलं. सेंटरवर जाऊन स्कॅनरच्या कन्सोलवरून मूळ डायकॉम आणले, तेव्हा कळलं की या रुग्णाच्या वेळी स्लाइसचा कल आणि फेजची दिशा दोन्ही वेगळी होती. खऱ्या तक्त्याने ट्रॅक्ट गाठीच्या मागून, सबंध, ब्रेनस्टेमपर्यंत गेला. कुठून आत शिरायचं हे त्यावर ठरणार होतं. त्या दिवसापासून उसना तक्ता मी कधी लावत नाही, आणि गाठीच्या बाजूबद्दल बोलण्याआधी निरोगी बाजू बघते.

म्हणून तुम्हीही सीडीवर विसंबू नका. सेंटरला विनंती करून डायकॉम कन्सोलवरून घ्या आणि ओळख पुसायचीच असेल तर नीफ्टी करून झाल्यावर पुसा. व्हॉल्युमची संख्या आणि तक्त्याच्या ओळींची संख्या जुळते का ते मोजा. तुमच्याकडे ३४ आणि ३४ यायला हव्यात. काही स्कॅनर शेवटी सरासरीचं एक जास्तीचं चित्र जोडतात, ते ३५वा व्हॉल्युम म्हणून घुसलं आणि कुणी तक्त्यात शून्याची ओळ घालून हिशोब जुळवला की मग खरंच गोंधळ होतो. कोणती ओळ कोणत्या व्हॉल्युमची हा क्रम बिघडला तर आरशासारखा एकसंध उलटा न होता लंबगोलच मोडतो, आणि मग एफएही चुकतो. सुदैवाने ते नकाशाकडे बघूनच कळतं, कॅलोसमसुद्धा विटकं दिसतं.

दिशांच्या लांबीकडेही एकदा बघा. प्रत्येक ओळीच्या तीन आकड्यांचे वर्ग करून बेरीज एक यायला हवी, बी-शून्य सोडून. सीमेन्सवर स्वतःची दिशांची फाइल लावली असेल तर तिच्यात कोऑर्डिनेट सिस्टिम आणि नॉर्मलायझेशन अशा ओळी असतात. नॉर्मलायझेशन नको म्हटलं असेल तर लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवून बी बदललेला असू शकतो, आणि बी लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात जातो. ०.७१ लांबीची दिशा म्हणजे बी १००० न राहता सुमारे ५००. तुमचा एकाच बीचा साधा प्रोटोकॉल आहे, त्यामुळे हा प्रश्न बहुधा येणार नाही, पण बेरीज करून बघायला मिनिटभरच लागतो.

डोक्याच्या हालचालीचं राहिलं. एडी (हालचाल दुरुस्त करणारा एफएसएलचा प्रोग्रॅम) चालवलंत तर चित्रं फिरवून जुळवली जातात, म्हणून प्रत्येक व्हॉल्युमची दिशाही तेवढीच फिरवावी लागते. लीमान्स आणि जोन्स यांनी २००९ मध्ये हे नीट दाखवून दिलं. एफएसएलचं एडी फिरवलेलं बीव्हेक वेगळ्या फाइलमध्ये लिहून देतं, पुढे तेच वापरायचं. खूप जण जुनंच वापरत राहतात. आणि एडी तुम्ही चुकीच्या तक्त्यावर चालवलं असेल तर त्याने फिरवलेल्या दिशाही चुकीच्याच पायावर उभ्या आहेत. तेवढी पायरी खऱ्या तक्त्याने पुन्हा चालवा.

आता प्रबंधाचं. तुमची चूक सगळ्या दिशांना सारखी लागू झालेली आहे, एक्स उलटा आणि वर एकच कल. त्यामुळे रीजन काढून मोजलेले एफए आणि एमडी टिकतील. टीबीएसएस (रुग्णांच्या एफएची तुलना करायची एफएसएलची पद्धत) केलं असेल तर तेही टिकेल, कारण ते फक्त एफएच्या नकाशांवर चालतं. एडी पुन्हा चालवल्यावर आकडे किंचित हलतील, तेवढे बदला. टेन्सरच्या दिशा वापरून रजिस्ट्रेशन (चित्रं एकमेकांवर जुळवणं) केलं असेल तर ते टिकणार नाही. आणि ट्रॅक्टवरून काढलेलं सगळं, म्हणजे ट्रॅक्टची लांबी, संख्या, ट्रॅक्टच्या आतला सरासरी एफए, हे २२ही जणांचं नव्याने काढावं लागेल. ते करताना पद्धतीच्या प्रकरणात चार गोष्टी लिहा: दिशा कोणत्या फाइलमधून घेतल्या, त्या कोणत्या चौकटीत होत्या, कोणत्या साधनाने आणि कोणत्या आवृत्तीने बदलल्या, आणि जेनूच्या रेषा तिन्ही प्रतलांत तपासल्या का. एका रुग्णाचं रेषांचं चित्रही सोबत जोडा. परीक्षक एफएचा नकाशा बघून पान उलटतील, पण ज्यांनी हे काम हाताने केलंय ते आधी तेच चित्र शोधतील.